नमुन्याबरहुकूम

"जरा जपून हं, माळा खाली आहे," पाटकर म्हणाले. पण तोवर दिगंबर मान वाकवून माळ्याखालून पलीकडे गेलाही होता. डोकं आपटलं ते माझं.

"लागलं का वहिनी? सगळ्यांनाच लागतं. आमच्या जावयाला दर दिवाळीला लागतं. साहेबांना बरं कळलं!"

मी कपाळ चोळत दिगंबरच्या मागे गेले. गिरगावात, मुगभाटातली शांतादुर्गा निवास ही इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तळमजल्यावर उदबत्त्यांचं गोदाम होतं आणि त्याचा वास जिन्यातून आमच्याबरोबर वर आला होता. आम्ही घर बघायला आलो होतो. पाटकरांना ते विकायचं होतं.

दिगंबर स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबला. त्याने दार किंचित वर उचललं, मग आत ढकललं. ते आवाज न करता उघडलं.

पाटकरांनी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हे आमच्या सुनेला अजून जमलेलं नाही."

"ह्यांचं लहानपण इथे गेलं," मी म्हणाले. "रेगे."

"म्हणजे ते रेगे तुम्ही? अहो, खालचा इस्त्रीवाला अजून या जागेला रेग्यांची जागा म्हणतो! मी इथून दोन मुलींची लग्नं लावली, मुलाचं लावलं, पण नाव काही आमचं लागलं नाही."

"कुंदा, इकडे ये." मागच्या गॅलरीतून हाक आली.

मी गेले. दिगंबर कठड्याला धरून उभा होता. समोर हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ एका नव्या इमारतीची भिंत होती, तिच्यावरून उतरलेले पाइप आणि एसीची खोकी.

"इथे उभी राहा. अशी. दुपार कलली की इथे चौपाटीचा वारा येतो. लागतोय?"

वारा यायला जागाच नव्हती.

"लागतोय," मी म्हणाले.

"तू इथे कधी आलीच नव्हतीस, नाही का?"

"नाही."

"मग चल, तुला सगळं दाखवतो." त्याने माझं मनगट धरलं आणि पाटकरांच्या समोरून, त्यांच्या सोफ्याला आणि शोकेसला वळसा घालून, मला घरभर फिरवलं. इथे बाबा बसायचे. इथे आईचं शिवणाचं मशीन. या कोनाड्यात गोट्या. पाटकरांनी कोनाडा केव्हाच बुजवला होता, पण दिगंबरने भिंतीवर जिथे हात ठेवला तिथे बोटांनी वाजवल्यावर भिंत पोकळ वाजली.

मी त्याच्याकडे बघत राहिले. वाशीच्या आमच्या घरात त्याला न्हाणीघर सापडावं म्हणून मी दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला होता. तरी तो कपाटाचं दार उघडून उभा राहायचा.

निघताना पाटकरांनी मला जिन्यात गाठलं. "विचारू नये, पण विचारतो. माणसं इथून विकून बोरिवलीला जातात. या वयात तीन जिने कशाला चढताय?"

"त्यांना इथे बरं वाटतं," मी म्हणाले.

आम्ही दोघं एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. तिथेच भेटलो. मी कच्च्या मालाची रासायनिक तपासणी करायचे आणि दिगंबर रंग जुळवायचा. प्रत्येक रंगाचा एक मंजूर झालेला नमुना असे. नव्या घाण्यातला रंग पत्र्यावर ओढायचा, तो नमुन्याशेजारी धरायचा, उत्तरेकडच्या खिडकीत, कारण तो उजेड दिवसभर बदलत नाही, आणि दोघांतला फरक दिसेनासा होईपर्यंत थेंब थेंब टाकत जायचं. पुढे यंत्रं आली, तरी शेवटचा शब्द दिगंबरचाच असायचा. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं दुःख आम्ही वेगवेगळ्या वेळी केलं आणि मग दोघांचंही संपलं. एकमेकांची सवय मात्र पक्की झाली होती.

निवृत्तीनंतर त्याचा विसराळूपणा वाढला, आणि मग तो विसराळूपणा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या इमारतीत सगळे मजले एकसारखे. एकदा तो खालच्या मजल्यावरच्या घरी जाऊन ताटावर बसला. ती माणसं चांगली होती, त्यांनी वाढलंही. पुढच्या वेळी तो हायवेवर बसथांब्याशी सापडला. बोलता येत नव्हतं इतका घाबरला होता, हातपाय थंड पडले होते. रोज संध्याकाळी तो बूट घालून दाराशी बसायचा.

"चल, घरी जाऊ."

"हेच घर आहे, दिगंबर."

"हे नाही गं. घरी. गिरगावात."

डॉक्टरांनी कर्जतजवळच्या एका संस्थेबद्दल सांगितलं. तिथे अशी माणसं ठेवतात, चांगली काळजी घेतात, आत्ताच नाव घालून ठेवलंत तर बरं. मी नको म्हणाले. मला तो माझ्याजवळ हवा होता, न घाबरता. त्यापलीकडे मला काही नको होतं.

"वेड लागलंय तुला," मालूताई म्हणाल्या. मालूताई म्हणजे दिगंबरच्या थोरल्या बहीण. त्या पार्ल्याला मुलाकडे असत. "मुगभाटातली माणसं लिफ्ट शोधत हिंडतात, आणि तू लिफ्ट सोडून मुगभाटात चाललीस! आमची आई म्हणायची, या घराने माझे गुडघे खाल्ले."

"त्याला ते घर आठवतं, मालूताई."

"आठवायला मलाही आठवतं. मी निघाले का राहायला?"

मी त्यांना समजावून सांगितलं. या आजारात नवीन असतं ते आधी जातं. सकाळी काय खाल्लं ते गेलं, मग नोकरीची शेवटची वर्षं गेली. जितकं जुनं, तितकं जास्त टिकतं. वाशीचं घर त्याच्या डोक्यातून पुसलं गेलंय, ते काही केलं तरी परत यायचं नाही. गिरगावचं शिल्लक आहे. मग जे शिल्लक आहे तिथेच त्याला न्यायचं.

"म्हणजे मी टिकणार," मालूताई म्हणाल्या. "बरं झालं बाई. म्हातारी असल्याचा काहीतरी फायदा!"

त्या हसल्या. मीही हसले.

वाशीचा फ्लॅट लगेच गेला. पाटकर बोरिवलीला मुलीच्या शेजारी राहायला निघाले. जाताना म्हणाले, "सोफा ठेवून जातो. तुम्हाला लागेल."

"नको."

"अहो वहिनी, नवाच आहे!"

"म्हणूनच नको," मी म्हणाले.

त्यांना ते लागलं असावं. मी समजावत बसले नाही.

घराचा ताबा मिळाल्यावर मी कामाला लागले, प्रयोगशाळेत लागत असे तशीच. नमुना ठरलेला होता. दिगंबर शाळेत होता तेव्हाचं घर, वडील होते तेव्हाचं. ते गेल्यावर रेगे मंडळी पार्ल्याला राहायला गेली. माझं लग्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं, म्हणून मी ते घर पाहिलेलं नव्हतं. ते पाहिलेलं दुसरं माणूस मालूताई. पहिल्यांदा तोंड वाकडं करणाऱ्या मालूताई रिकाम्या खोलीत उभ्या राहिल्या आणि काय झालं कोण जाणे, त्यांना उत्साह चढला. छत्रीच्या टोकाने जागा दाखवत त्या घरभर फिरल्या.

"इथे आरामखुर्ची. अं हं, अलीकडे घे. दाराकडे पाय केलेले बाबांना चालायचे नाहीत. इथे खिडकीशी मशीन. ते आहे आमच्या माळ्यावर, पार्ल्याला, मी आणते. आणि इथे देवघर. तुला चालेल ना बाई देवघर? नाहीतर म्हणशील, मी विज्ञानवाली!"

"देव कोणते होते?"

"मंगेश, शांतादुर्गा, आणि एक रांगता बाळकृष्ण. त्याचं एक बोट तुटलं होतं. दिगूनेच तोडलं होतं."

मी तसा बाळकृष्ण शोधून आणला. बोट तोडायचा प्रश्न आला तेव्हा मालूताई म्हणाल्या, "असू दे गं, एवढं कोण बघतंय?" मी ते कानशीने काढलं.

पाटकरांनी मोरीच्या जागी केलेल्या न्हाणीघरातली चकचकीत फरशी उखडून शहाबादी बसवली. कोनाडा फोडून मोकळा केला. चोरबाजारातून तसाच रेडिओ आणला. आत काही नव्हतं, नुसतं खोकं होतं, पण खोकं अगदी तसंच असं मालूताईंनी सांगितलं. नमुन्यात जे होतं ते आणत गेले, जे नव्हतं ते काढत गेले. आमच्या वाशीच्या वस्तू मालूताईंच्या मुलाच्या गॅरेजमध्ये ठेवल्या. आमचं जेवायचं टेबल, माझी पुस्तकं, आणि लग्नाचा फोटो. त्या भिंतीवर तो फोटो कधी नव्हता.

राहिला रंग. मालूताई एकदा पोपटी म्हणाल्या, एकदा पिस्त्यासारखा. त्यांच्या रंगाच्या आठवणीवर माझा विश्वास नव्हता. मी मधल्या खोलीत खिडकीशेजारी हाताच्या पंजाएवढी जागा घासायला घेतली. वर पाटकरांचा बदामी, त्याखाली त्यांचाच कधीतरीचा गुलाबी, मग पिवळा, मग पांढरा. सर्वांत खाली, गिलाव्याला चिकटून, चुन्याचा एक हिरवा थर लागला. मी दिगंबरला हाक मारली.

त्याने वाकून पाहिलं. मग डोळे बारीक केले. प्रयोगशाळेत करायचा तसेच.

"चुना हवा," तो म्हणाला. "हिरवी पूड, थोडी पिवळी माती. आणि काजळी. काजळी अगदी नखावर."

मी सगळं आणून दिलं. त्या वेळी त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. पण बालदीत काठी फिरवायला लागला तेव्हा हात थरथरला नाही. भिंतीवर एक पट्टा ओढायचा, वाळायला सोडायचा, कारण चुना ओला असतो तेव्हा गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, आणि मग पुन्हा येऊन बघायचं. मधल्या वेळात आम्ही जमिनीवर बसून चहा प्यायचो.

"अजून एक थेंब काळा," तो म्हणाला.

"जास्त होईल."

"जास्त झाला तर काढता येत नाही. म्हणून तर थेंब थेंब." आणि माझ्याकडे बघून हसला. "तुला किती वेळा सांगितलंय?"

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. सबंध लग्नाचं होतं ते. मला वाटलं, जमतंय.

चौथा पट्टा वाळल्यावर खालच्या थरात आणि त्यात फरक दिसेना. मी चष्मा पुसून पाहिलं, उजेडाकडे पाठ करून पाहिलं. फरक नव्हता. मग त्या बालदीवरून पाहून रंगाऱ्यांनी भिंती केल्या. जसजशा भिंती हिरव्या होत गेल्या तसतसा दिगंबर शांत होत गेला. तो जमिनीवर मांडी घालून बसायचा, भिंतीला पाठ लावून, आणि काहीतरी गुणगुणायचा. एका दुपारी मी त्याच्या हातात चहाचा कप दिला तेव्हा तो "थँक यू" म्हणाला. चहाबद्दल त्याने मला जन्मात थँक यू म्हटलं नव्हतं. स्वारी खुशीत आहे, असं मी समजले.

शेवटचे दोन दिवस सामान लावायचं होतं. त्या गडबडीत तो नको म्हणून मालूताई त्याला पार्ल्याला घेऊन गेल्या. ठरलं असं, की त्यांनी रविवारी दुपारी त्याला सरळ घरी आणायचं आणि काही दिवस आमच्याबरोबर राहायचं. मी देवघरात दिवा लावून, मशीनवर त्यांच्या आईची असायची तशी पांढरी चादर पसरून, किल्ली शेजारी देऊन भाजी आणायला उतरले. ठाकूरद्वारच्या नाक्यावर मासेही घेतले. त्याला बांगडे आवडत. परत यायला उशीर झाला. वरून मालूताईंच्या फोडणीचा वास जिन्यात आला होता, म्हणजे ती दोघं पोचली होती. मी शेवटचा जिना जवळजवळ धावत चढले.

घंटा वाजवली. दार दिगंबरने उघडलं.

वाशीत तो दार उघडत नसे, घंटेला घाबरायचा. इथे त्याने एका हाताने कडी काढून दार उघडलं आणि दुसरा हात चौकटीला टेकवून उभा राहिला. केस विंचरलेले होते. चेहरा स्वच्छ, मोकळा.

"कोण हवंय?" त्याने विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतोय.

"बांगडे आणलेत," मी म्हणाले.

त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत वळून हाक मारली, "ताई! कोणीतरी बाई आल्यात. बांगडे घेऊन."

आतून मालूताईंचा आवाज आला, हसत हसत. "अरे बाई कसली, मेल्या! बायको आहे तुझी!"

दिगंबर लाजला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. लग्नात झाला नव्हता इतका.

"काहीतरीच काय गं ताई! आईला सांगीन हं." मग तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "मनावर घेऊ नका. ती अशीच चेष्टा करते सगळ्यांची. या ना आत. बसा."

मी आत गेले. त्याने मला आरामखुर्ची दाखवली नाही. ती बाबांची. खिडकीजवळची खुर्ची पुढे ओढली, तिच्यावरची न दिसणारी धूळ हाताने झटकली, आणि आत जाऊन पाणी घेऊन आला. तांब्याखाली ताटली होती, ताटलीत गुळाचा खडा. हे आम्ही वाशीत कधी केलं नव्हतं. त्यांच्या आईचं वळण असणार.

मालूताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात झारा तसाच. दिगंबरकडे आणि माझ्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळत गेलं.

"दिगंबर," मी म्हणाले. "मी कुंदा."

त्याने ते मनापासून आठवून पाहिलं. मला दिसत होतं तो आठवतोय ते. कपाळाला आठी पडली. डोळे क्षणभर बावरले, बसथांब्यावर होते तसे. मी घाईने म्हणाले, "मालूताईंची मैत्रीण."

"हां हां." आठी गेली. "मग तसं सांगायचं ना! ताई, तुझी मैत्रीण गं." आणि तो जाऊन कोनाड्यातल्या गोट्या काढून बसला. त्या मी विकत आणल्या होत्या, मालूताईंनी सांगितल्याप्रमाणे, दुधी रंगाच्या.

स्वयंपाकघरात मालूताईंनी गॅस बंद केला.

"मी चेष्टा केली गं. मला वाटलं, त्याला कळतंय... सकाळपासून किती छान बोलत होता! जिना चढताना म्हणाला, ताई, दमलीस का? माझी पिशवी घेतली. मला वाटलं..."

"तुम्ही काही केलं नाहीत."

"काढून टाक हे सगळं. आत्ताच्या आत्ता. मी मशीन परत नेते. पाटकरांना फोन कर, तो सोफा आणू दे त्यांना. तुमच्या लग्नाचा फोटो गॅरेजमधून मागवते, समोरच लाव, येताजाता दिसेल असा. भिंतींचं काय, परत रंग देता येतो. त्या दिवशी पाटकरांच्या पसाऱ्यात त्याने तुला हाताला धरून घर दाखवलं होतं की नाही? तूच सांगितलंस मला! मग परत तेवढं तरी येईल."

कदाचित आलं असतं. मी त्याचा विचार केला. पाटकरांच्या घरात दोन्ही होतं, थोडं त्याचं आणि थोडं आत्ताचं, आणि त्या मिश्रणात मी होते. मी जुळवत गेले आणि रंग पुरता जुळला. त्या घरात शाळकरी दिगू होता, ताई होती, आई थोड्या वेळात येणार होती, बाबा कामावर होते. जे त्या घरात नव्हतं ते कुठून दिसणार?

बाहेरच्या खोलीत तो गुणगुणत होता. मी दारातून पाहिलं. उन्हं उतरली होती, वाशीत तो बूट घालून दाराशी बसायचा ती वेळ. त्याचे बूट दारामागे पडले होते, एक उलटा, एक सुलटा. त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गल्लीतून कोणीतरी ओरडत गेलं, खाली हातगाडी खडखडली, आणि तो दचकला नाही. तो घरी आला होता.

"नको," मी म्हणाले.

"काय नको?"

"काही काढायचं नाही."

"आणि तू?"

"मी इथेच आहे."

"कोण म्हणून?" मालूताईंनी विचारलं.

मी बांगडे पिशवीतून काढून धुवायला घेतले.

तो त्या घरात शेवटपर्यंत राहिला. पुन्हा कधी वाट चुकला नाही, पुन्हा कधी दाराशी बूट घालून बसला नाही. कर्जतचं नाव मला कोणापुढे काढावं लागलं नाही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. मालूताई काही दिवसांसाठी आल्या होत्या, त्या राहिल्या. लोक विचारायचे, कसे आहेत दिगंबर, आणि मी खरं तेच सांगायचे, की मजेत आहेत.

त्या पहिल्या संध्याकाळी मालूताई देवघरात दिवा लावून आल्या, तेव्हा त्यांच्यामागून दिगंबर स्वयंपाकघरात आला. पाहुणीसमोर विचारावं की नाही अशा बेताने, त्यांच्या पदराला धरून म्हणाला, "ताई, त्या जेवायला आहेत का? म्हणजे तसं आईला सांगायला."

मीच म्हणाले, "मी राहायलाच आलेय तुमच्याकडे. चालेल ना?"

"चालेल की! किती दिवस?"

"माझं घर मिळेपर्यंत."

त्याला हे पटलं. त्या काळात गिरगावात प्रत्येकाच्या घरी असं कोणी ना कोणी असायचंच, गावाहून आलेलं, जागा मिळेपर्यंत टेकलेलं. तो माझ्यासमोर पाटावर बसला, घरात वडील नसताना त्यांच्या जागी बोलायचं असतं तशा गंभीर चेहऱ्याने.

"मग तुम्ही माझ्या कॉटवर झोपा. मी खाली झोपतो, मला आवडतं."

"बरं."

"घर मिळणं कठीण झालंय हल्ली," तो म्हणाला. हे त्याच्या बाबांचं वाक्य असावं, कारण मालूताईंनी एकदम पाठ फिरवली. "पण तुम्ही काळजी करू नका. बाबांच्या पुष्कळ ओळखी आहेत. ते आले की मी सांगतो त्यांना. कुठे हवंय?"

"इथेच. जवळपास."

"इथे गर्दी फार असते हं. आवाज असतो. चालेल?"

"चालेल."

"आणि माणसं किती तुम्ही?"

बांगड्यांना मीठ लावायचं राहिलं होतं. मी हात पुसले.

"दोघं," मी म्हणाले.

"मग दोन खोल्या पुरतील," दिगंबर म्हणाला.